इतिहासाची पदवी आणि विद्यापीठाची निवड : नंदुरबारच्या संदर्भात

इतिहास विषय घेऊन पदवी मिळवायची तर कोणते विद्यापीठ निवडावे, हा प्रश्न आपल्याकडे फार उथळपणे विचारला जातो आणि तितक्याच उथळपणे त्याचे उत्तर दिले जाते. विद्यापीठाला कोणती श्रेणी मिळाली आहे, निकाल किती टक्के लागतो, वसतिगृह आहे की नाही, घरापासून एस. टी. थेट जाते की गाडी बदलावी लागते, एवढ्यावर चर्चा संपते. या गोष्टी गौण आहेत असे मी म्हणणार नाही. धडगावच्या डोंगरातून खाली उतरणाऱ्या मुलीला गाडी आणि वसतिगृह या गोष्टी गौण कशा असतील? परंतु विद्यार्थी दलित वा आदिवासी असेल आणि विषय इतिहास असेल, तर त्याआधी एका प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. ज्या समाजाला लिखित इतिहासाने गावकुसाबाहेर नाहीतर डोंगरावर ठेवले, त्या समाजातल्या मुलाने इतिहास शिकायचा म्हणजे नेमके काय शिकायचे? या प्रश्नाला बगल देऊन केलेली विद्यापीठाची निवड ही निवड नसतेच. तो केवळ प्रवेश असतो.

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न तपासून पाहावा असे मला वाटते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींची होती, आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी होती. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, गामित हे येथील बहुसंख्य. शेजारी अल्पसंख्येने असलेला दलित समाज. पहिल्या पिढीचा पदवीधर ही येथे अजूनही नित्याची गोष्ट आहे.

या मुलाला विद्यापीठ निवडण्याचे स्वातंत्र्य कितपत आहे? खरे सांगायचे तर बी. ए. च्या पायरीवर ते जवळजवळ नाही. तालुक्याच्या गावी जे महाविद्यालय असते त्यात तो जातो, आणि ते महाविद्यालय ज्या विद्यापीठाला जोडलेले असते ते त्याचे विद्यापीठ होते. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ, १५ ऑगस्ट १९९० पासून जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, असा या मुलखाचा विद्यापीठीय प्रवास आहे. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. शाळेत न गेलेल्या शेतकरी बाईचे नाव विद्यापीठाला लाभावे, ही घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनात ठेवण्यासारखी आहे. ज्यांना अक्षर मिळाले नाही त्यांच्यापाशीही ज्ञान होते, एवढे तरी त्या नावाने मान्य केले आहे. आता प्रश्न असा की, ते नाव पाटीवरून अभ्यासक्रमात उतरते काय?

येथे अभ्यासक्रमपत्रिका हीच एक साहित्यकृती समजून वाचावी, असे मी सुचवतो. कादंबरीत कोणाला नायकत्व दिले आणि कोणाला नोकर म्हणून दारात उभे केले हे जसे आपण पाहतो, तसेच प्रश्नपत्रिकांच्या यादीकडे पाहावे. प्राचीन भारत, मध्ययुगीन भारत, मराठ्यांचा इतिहास, आधुनिक भारत, आधुनिक जग हा आपल्याकडचा रुळलेला साचा. या साच्यात आदिवासी येतो तो बहुधा 'उठाव' या प्रकरणाच्या एखाद्या परिच्छेदात, आणि दलित येतो तो 'समाजसुधारणा' या प्रकरणात, कोणाच्या तरी दयेचा विषय म्हणून. उरलेल्या सगळ्या पानांवर तो कोठे असतो? किल्ल्याचे दगड कोणी वाहिले, जंगलातली वाट कोणी दाखवली, गावाची हद्द कोणी ओळखून सांगितली, हे प्रश्न त्या पानांवर उमटत नाहीत.

नंदुरबारचेच घ्या. या शहराचे नाव पाठ्यपुस्तकात आले की ९ सप्टेंबर १९४२ चा दिवस येतो, शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या सोबत्यांचे हौतात्म्य येते. ते यावेच. त्या कोवळ्या मुलांच्या बलिदानाबद्दल कोणाही भल्या माणसाच्या मनात आदरच असेल. पण याच मुलखाचा बाकीचा इतिहास कोठे गेला? १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर भिल्लांना काबूत आणण्यासाठी १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. सातपुड्यात खाज्या नाईकाच्या नेतृत्वाखाली १८५८ मध्ये अंबापाणीची लढाई झाली. १९३८ च्या सुमारास तळोदे तालुक्यातून गुला महाराजांची 'आप' चळवळ पसरली आणि हजारो आदिवासींनी दारू सोडली. १९७१-७२ मध्ये शहाद्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या झेंड्याखाली सालदार उभा राहिला, गेलेल्या जमिनी परत मागू लागला, आणि आदिवासी बायांनी दारूची मडकी फोडली. या आंदोलनाच्या काळातच, १९७४ चा, आदिवासींच्या जमिनी परत करण्याविषयीचा कायदा झाला. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे बुडिताखाली आली आणि मणिबेलीचे नाव जगात पोचले. एका जिल्ह्यात दोनशे वर्षांत एवढे घडले. त्यातले किती इतिहासाच्या वर्गात शिकवले जाते, हे ज्याचे त्याने आपल्या वह्या उघडून पाहावे.

गंमत अशी की हा इतिहास लिहिलाच गेला नाही असे नाही. शहाद्याच्या चळवळीवर मारिया मीस या जर्मन विदुषीने १९७६ मध्ये निबंध लिहिला. शेजारच्या दक्षिण गुजरातेत १९२२-२३ मध्ये पसरलेल्या देवी आंदोलनावर डेव्हिड हार्डिमन यांचा ग्रंथ १९८७ मध्ये आला. डांगच्या भिल्लांवर अजय स्कारिया यांनी आणि पश्चिम भारतातील अरण्यवासी जमातींवर सुमित गुहा यांनी लिहिलेले ग्रंथ १९९९ मध्ये आले. हे सारे मूळ लेखन इंग्रजीत झाले, आणि मुख्यतः जिल्ह्याबाहेरच्या विद्वानांनी केले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. उलट त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण मोलगीच्या बाजारात उभ्या असलेल्या मुलाला आपल्या पणजोबाचा इतिहास इंग्रजी ग्रंथातून कळावा, आणि तो ग्रंथ त्याच्या महाविद्यालयाच्या कपाटात असेलच अशी खात्री नसावी, याला काय म्हणावे? आपल्या समाजातले संशोधक कच्चा माल पुरवणारे 'माहितीदार' म्हणून नोंदले जातात आणि पक्का माल बाहेर तयार होतो. ही ज्ञानव्यवहारातली सालदारकीच होय.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. कोणी म्हणेल, मग विद्यापीठ हवेच कशाला? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती कोणत्या पदवीच्या बळावर? धुळ्याच्या शरद पाटलांनी १९८२ मध्ये 'दास-शूद्रांची गुलामगिरी' लिहून प्राच्यविद्येच्या पंडितांना कोड्यात टाकले, तेही इतिहासाच्या विद्यापीठीय खुर्चीवर बसून नव्हे. हा आक्षेप अर्धा खरा आहे. दृष्टी विद्यापीठ देत नाही, ती जगण्यातून आणि चळवळीतून येते. पण शरद पाटलांना आपला सिद्धान्त मांडण्यासाठी पाणिनीच्या व्याकरणापर्यंत जावे लागले, संस्कृत शिकावे लागले, हे विसरून चालणार नाही. दृष्टीला साधनांची जोड लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्रासाठी. पण तेथे त्यांनी इतिहासाचेही अनेक वर्ग केले. राजे आणि लढाया यांच्यापलीकडे इतिहास नेऊ पाहणारे जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे प्राध्यापक त्यांना लाभले. मे १९१६ मध्ये जातिसंस्थेवरचा त्यांचा निबंध तेथल्याच मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला गेला. तीस वर्षांनी, १९४६ मध्ये, शूद्र कोण होते या प्रश्नावर त्यांनी ग्रंथ लिहिला आणि तो फुल्यांना अर्पण केला. दृष्टी फुल्यांची, आणि पुरावे तपासण्याची शिस्त विद्यापीठातली. या दोहोंचा मेळ घडला की काय होते त्याचा हा दाखला आहे. विद्यापीठाकडून आपण मागायचे ते एवढेच, पण ते पुरेपूर मागायचे : कागद वाचण्याची विद्या, कागद जेथे आहेत तेथवरची वाट, आणि आपला प्रश्न आपल्याच शब्दांत मांडू देणारा शिक्षक.

ही विद्या म्हणजे पंडितांची हौस नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आणि त्याच रानाकाठी राहणाऱ्या बिगर-आदिवासी दलिताला त्यापूर्वीच्या पंचाहत्तर वर्षांचा, तीन पिढ्यांचा वास दाखवावा लागतो. कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटियर, जनगणना, मोजणीचे अहवाल, नकाशे, तसेच वडीलधाऱ्यांची लेखी उतरवलेली साक्ष या गोष्टी मोजल्या आहेत. हीच तर इतिहासाची साधने! १८८० मध्ये छापलेले खानदेशचे गॅझेटियर राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेले आहे; ते तसेच्या तसे खरे मानणे धोक्याचे, आणि ते मुळीच न वाचणे त्याहून धोक्याचे. जातपडताळणीसाठी १९५० पूर्वीची नोंद शोधताना मोडी वाचणारा माणूस कोठे मिळतो म्हणून हिंडणारी कुटुंबे आपण पाहतोच. ज्याला जुना कागद वाचता येतो तो आपल्या गावाच्या जमिनीसाठी उभा राहू शकतो. दलित आणि आदिवासी यांचे नाते घोषणेत जुळते तसे ते अभिलेखागारातही जुळले पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठीच.

आणि तरीही आपली मुले इतिहास घेतात ती बहुधा 'सोपा विषय' म्हणून, स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल म्हणून. यात मुलांना दोष देणे सोपे आहे. घरात पगार नाही, जमीन कोरडवाहू. त्याने तलाठ्याच्या, फौजदाराच्या जागेकडे पाहू नये काय? जरूर पाहावे. पण सनावळ्या घोकून मिळवलेली पदवी परीक्षेलाही पुरत नाही आणि समाजालाही पुरत नाही. तीन वर्षे देणारच आहात, तर त्या तीन वर्षांत हातात एखादे हत्यार तरी यावे.

या कसोटीवर आपल्यासमोरची विद्यापीठे ठेवून पाहू. क्रमवारी लावण्याचा माझा हेतू नाही. कोठे कोणता कागद आहे आणि तो वाचायला कोणती भाषा लागते, एवढेच मी पाहतो.

जळगावचे विद्यापीठ घरचे. त्याच्या कक्षेत धुळे येते, आणि धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांनी जमवलेल्या कागदांचा वारसा त्या संस्थेकडे आला. राजवाड्यांची वर्णाभिमानी दृष्टी आपल्याला मान्य होणे शक्य नाही. पण कागद कोणी गोळा केले यावरून कागदाची जात ठरत नसते. त्यात गावांची, वतनांची, वेठीची नोंद सापडली तर ती आपल्या माणसाने वाचली पाहिजे. बी. ए. तालुक्याला करणाऱ्या मुलाने सुट्यांत मोडी शिकून घेतली, तर घराजवळ राहूनही तो पुष्कळ पुढे जाईल.

पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचे नाव मिळाले. पेशवे दप्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज ही साधने त्या शहरात आहेत. ज्याला अठराव्या शतकातल्या खानदेशाकडे वळायचे आहे त्याची वाट तिकडून जाते. शहर मात्र महाग, आणि मोडीवाचून तेथे जाण्यात अर्थ नाही.

एकोणिसाव्या शतकातला भिल्ल ज्याला शोधायचा आहे त्याने मुंबईचा विचार करावा. महाराष्ट्र शासनाचे पुराभिलेख तेथे एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहेत. मुंबई सरकारचे महसुली, न्याय व राजकीय खात्यांचे दप्तर तेथे पाहावे लागते. ते इंग्रजीत आहे. म्हणून इंग्रजीची भीती ज्याने बी. ए. तच घालवली, त्यालाच मुंबईचा उपयोग.

औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ आपल्यासाठी निराळ्या अर्थाने महत्त्वाचे. जुलै १९७८ मध्ये नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी लोकांनी प्राण दिले तेथे चळवळीचा इतिहास शिकायला जाणे याला अर्थ आहे. मात्र नावाचे समाधान मानून थांबणे हा त्या बलिदानाचा अवमान ठरेल. तेथे गेलेल्या मुलाने आपल्या विभागात कोणते प्रबंध लिहिले जात आहेत हे कठोरपणे पाहावे. बाबासाहेबांच्या गौरवाचे शंभर प्रबंध आणि एका तालुक्यातल्या वेठबिगारीचा एकही नाही, अशी स्थिती कोठेही आढळली तर तिच्यावर बोट ठेवण्याचा अधिकार आपलाच आहे.

आता एक वाट आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही, ती गुजरातची. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. पलीकडच्या सोनगड-उच्छलमध्ये मावची-गामितांची सोयरीक आहे. राज्याची सीमा १९६० ची. नातीगोती त्याहून फार जुनी. सोनगडचा मुलूख गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता, आणि त्या संस्थानचे दप्तर बडोद्यास आहे. नवापूरच्या मुलाला सुरतचे वीर नर्मद विद्यापीठ किंवा बडोद्याचे सयाजीराव विद्यापीठ परके का वाटावे? बाबासाहेबांना परदेशी पाठवणारी शिष्यवृत्ती त्याच संस्थानची होती. (आणि त्याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, हेही खरे.) परराज्यात प्रवेशाचे व सवलतींचे नियम बदलतात; ते आधी तपासावेत. पण इतिहासाच्या अंगाने पाहिले तर नवापूरचा भूतकाळ पुण्यापेक्षा बडोद्यात अधिक सापडण्याचा संभव आहे.

दिल्लीचे काय? १९६९ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा इतिहास विभाग नामांकित आहे, आणि केंद्रीय विद्यापीठांची दारे २०२२ पासून सामाईक परीक्षेने उघडतात. ज्याची तयारी आहे त्याने दिल्ली गाठावी. मोठ्या वादाशी दोन हात केल्याशिवाय आपला प्रश्न मोठा होत नाही. पण मोठे विद्यापीठ म्हणजे सुरक्षित विद्यापीठ नव्हे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला गेला. मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी ही आपल्याच खानदेशातली आदिवासी डॉक्टर गेली. म्हणून वसतिगृह, शिष्यवृत्ती वेळेवर मिळणे, भेदभावाची तक्रार ऐकणारी यंत्रणा आणि आपल्या विद्यार्थ्यांची संघटना या चार गोष्टींची चौकशी तिथल्या मुलांकडेच करावी. माहितीपत्रक हे सांगणार नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली ती बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी. ती कोणाची भीक नाही. ती मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

ज्यांना घर सोडता येत नाही, म्हणजे लग्न झालेल्या मुली, ऊसतोडीला जाणारी मुले, त्यांच्यासाठी १९८९ पासूनचे नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे. त्याला कमी लेखणारे लोक शिक्षणाची प्रतिष्ठा आणि शिक्षण यांत गल्लत करतात. बाहेरचा संशोधक वर्षभर राहूनही जे ऐकू शकणार नाही ते गावात राहणारा विद्यार्थी रोज ऐकतो. या जिल्ह्याचा मोठा इतिहास कागदावर नाहीच. तो भिलीत, पावरीत, मावचीत, अहिराणीत आहे. गाण्यांत, वंशावळींत, देवाच्या कथांत आहे. वाहरू सोनवणे यांनी १९८७ च्या 'गोधड' मध्ये भिलीला कवितेत आणले. तिला इतिहासाचे साधन म्हणून विद्यापीठात कोण आणणार? कोणत्याही विभागाला आपण हा प्रश्न प्रवेशाआधीच विचारावा : माझ्या आजीने भिलीत सांगितलेली हकीकत मी प्रबंधात पुरावा म्हणून मांडली, तर तुम्ही ती तपासाल की हसण्यावारी न्याल? वनहक्काच्या नियमांनी वडीलधाऱ्यांची साक्ष पुरावा मानली. विद्यापीठ त्याहून मागे राहणार असेल तर ते कशाचे विद्यापीठ?

माझे मत थोडक्यात असे. बी. ए. जेथे निभेल तेथे करावे, पण त्या तीन वर्षांत इंग्रजी आणि मोडी यांपैकी एक तरी हाती घ्यावी. एम. ए. ला मात्र विद्यापीठाचे नाव पाहून जाऊ नये. आपल्या माणसांचे कागद ज्या शहरात आहेत त्या शहरात जावे, आणि आपला प्रश्न समजून घेणारा एक तरी शिक्षक तेथे आहे याची खात्री करून जावे. आणि संशोधनाची वेळ आली की विषय घेऊन परत यावे. तळोद्याला, नवापूरला, धडगावला यावे. ज्या म्हाताऱ्या माणसांनी १९७२ चे शहादे डोळ्यांनी पाहिले ती आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्याकडून ऐकायचे राहून गेले, तर पुढल्या मुलाला तो इतिहास कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही.